मनोहरच्या बाज्याचा पंचम

माझा दोस्त मनोहर ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचा; आम्ही त्याले बाजाच म्हणायचो. एका लग्नात व्होल्टेज वाढलं आणि त्याचा बाजा कायमचा जळाला. तेव्हापासून त्यानं वाजवणंच सोडलं.

मी तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या थंड खोलीत तीन महिने बसलो, मनोहरच्या बाज्यातून निघायचा तो बासरीचा आवाज प्रोग्राम लिहून तयार केला, त्याच्यावर त्याचीच एक धून बसवली आणि कॅसेट भरून त्याच्या घरी नेली.

त्यानं ऐकलं अन् म्हणाला, "आवाज तोच आहे गा, पण बाजा माझा नाही."

"काहून?"

"माझ्या बाज्याचा पंचम, म्हणजे 'प'चा सूर, अडकायचा. बोट उचललं तरी वाजत राहायचा."

मले असा राग आला! एवढी मेहनत केली अन् हा खोट मागून राहिला. पण गेलो, पंचम लांबवला, पुढच्या रविवारी पुन्हा कॅसेट लावली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "अवो, पुरे करा आता प्रॅक्टिस, जेवाले या!"

मनोहरनं डोळे पुसले अन् आत ओरडून म्हणाला, "आलो वं, एवढं एकच वाजवतो!"