सुलभतेचा फोल्डर

...आणि वर सगळे दादालाच शहाणपण शिकवणार, की असू द्या हो, ते तुमचं काय खातात? तुम्हाला सांगतो, हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं ना, त्याचा घसा ठणठणीत असणार. आमच्या वहिनींच्या घशात गाठ होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, म्हणजे आवाजावरच पोट, आणि डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. मग बाईंनी काय केलं? ऑपरेशनच्या आधी आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसून स्वतःच्या आवाजात बेचाळीस वाक्यं भरून ठेवली. 'पाणी द्या.' 'उशी जरा वर करा.' 'अहो, पंखा बंद करा, गारठले.' एक तर नुसतं 'हं' होतं... आता 'हं' नसेल तर नवराबायकोनं भांडायचं कसं?

ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच, उजवा खांदाही गेला, हात उचलेना. राहिला डावा, तोही थरथरणारा. स्टार्टचं बटण दाबलं की यादी उघडायची, त्यात अगदी तळाशी 'वाक्यं' नावाचा फोल्डर, आणि त्याच्या डोक्यावर सिस्टीमचे चार फोल्डर ठाण मांडून बसलेले. कुणी बोलावलं होतं त्यांना? बोट तसूभर सरकलं की भलतंच उघडायचं. घशाला कोरड पडलीय आणि समोर कॅल्क्युलेटर. काय, घोट मोजायचे? तुम्ही म्हणाल, मग वाक्यं बाहेर पडद्यावर ठेवायची. ठेवली होती हो, पण थरथरत्या हातानं ती ओढली जाऊन कुठल्या कुठे जायची.

दादानं मुलीला फोन लावला. ती परगावी, कामात. "बाबा, ते सिस्टीमचे आहेत, असू द्या ना. ते तुमचं काय खातात?" कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंचंही तेच, पण लाडीगोडीनं, "काका, सगळ्यांकडे असतात ते, तुमचं काय खातात?" दादा घरी आला. सबंध आयुष्यात त्यानं असं घड्याळ पाहिलं नव्हतं, ज्यातला नको असलेला भाग चिमट्यानं निघत नाही.

आणि मग ती दुपार. दादा स्वयंपाकघरात पेज ढवळत होता, मी बाहेर पेपर वाचत होतो, आणि खोलीतून बाईचा आवाज आला. स्पष्ट, मोठा. दादाच्या हातातला डाव पडला. तुम्हाला सांगतो, एक क्षण मलाही वाटलं... पळत गेलो तर काय, वहिनींचं बोट चौथ्या फोल्डरवर पडलं होतं. त्याचं नाव काय, तर सुलभता, ज्यांना दिसत नाही त्यांच्या सोयीसाठी म्हणे. त्यातून कुणी परकी बाई सुरू झाली होती आणि पडद्यावरचं सगळं घडाघडा वाचत होती, खिडकी, बटण, बंद करा, रद्द करा... थांबेचना. वहिनींनी भिंतीकडे तोंड केलं होतं. रडायलाही आवाज लागतो हो.

दादानं मुलीला परत फोन केला. ती म्हणायच्या आतच म्हणाला, "तुझ्या आईचा आवाज खातात. कसे काढायचे ते सांग."

मुलीनं फोनवर एकेक पायरी सांगितली. हा कप्पा उघडा, त्यातला तो उघडा, आता पुसा. तर कॉम्प्युटर म्हणतो, तुम्हाला परवानगी नाही, प्रशासकाला विचारा. प्रशासक कोण, तर वहिनी. मशीन त्यांच्या नावावर, पासवर्ड त्यांनाच ठाऊक. दादानं कॉम्प्युटर त्यांच्यापुढे सरकवला. वहिनींनी डावं बोट उचललं, दादाकडे पाहिलं आणि खूण केली... तोंड तिकडे करा. इतक्या वर्षांचा संसार, पण पासवर्ड नवऱ्यासमोर टाकायचा नाही. दादा मुकाट्यानं कपाटाकडे तोंड करून उभा राहिला. पाठमोरा हसत होता तो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

चारही गेले. वर काही नाही, खाली काही नाही, फक्त 'वाक्यं'. वहिनींनी दाबलं, आणि खोलीत त्यांचाच आवाज, "अहो, जेवून घ्या आता." भरलं कधी हे वाक्य, दादाला पत्ताच नव्हता. पेज लागली होती, तीच खाल्ली त्यानं.

एकोणीस दिवस घरात बोलणं होतं. विसाव्या दिवशी वहिनी गेल्या.

महिन्याभरानं मी सहज कॉम्प्युटर लावला. तो आपला अर्धा तास गोल फिरत बसला, अपडेट चालू आहे म्हणाला, आणि उघडला तर चारही फोल्डर हजर, जागच्या जागी, सुलभतेसकट. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "दादा, पासवर्ड शोधू, आत्ता काढतो एकेकाला."

दादा चष्मा पुसत होता. म्हणाला, "राहू दे रे. या घरातून जाऊन परत आलेले तेवढेच आहेत."