पंचायतीतली आग

ग्रामपंचायतीच्या दारावर सूचना होती: ‘संगणक आगीत जळाल्याने दाखले बंद.’ धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, असे न्यायशास्त्र सांगते. येथे धूर नव्हता, काजळी नव्हती, टेबलावरून पाणी मात्र ठिबकत होते. माझ्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या धुरपदाबाईंनी ऑपरेटर सत्यजीतला धरले.

“नातीच्या ॲडमिशनला दाखला आजच पायजे. आग लागली कुठं?”

“संगणकाच्या पडद्यावर, आजी.”

“आन् हे पाणी?”

“ग्रामसेवक भाऊसाहेबांनी घागर ओतली.”

“चित्रातल्या जाळावर?”

“त्यांना खराच वाटला.”

“पडद्यात जाळ घातला कुणी?”

“मीच. संगणकाच्या लिनक्स सिस्टीममधी उघडलेली विंडो बंद केली की ती जळत गेल्यागत दिसावी, असं सेटिंग केलं हुतं. सकाळी तुमचाच दाखला टाइप करून विंडो बंद केली, आन् आजी, काय भारी पेटला!”