येसाजीचा खोकला

—आणि आज एवढी चौकशी कशाला गं? रोज दूध घेतेस नि चालू लागतेस, आज म्हणे येसाजी कुठाय, त्याचा खोकला कसा आहे. तुमच्या टॉवरच्या कमिटीनं पाठवलं काय तुला, श्वेता? नाही म्हणतेस—सरी, बरं तर. स्वल्प बस, थोडी टेक. येसाजीचं काही सांगणार नाही मी. दुसऱ्याच घरची गोष्ट सांगते, ऐक नि विसर.

एक होती अंबुबाई, एक तिचा लेक, एक सून संयोगिता, पाच गाई, नि बेळ्ळंदूरला तळ्याच्या अंगाला एवढासा गोठा—अशी बघू नकोस, आणखी गोठे नाहीत काय इथं? चहूकडून टॉवर उठले, वास येतो म्हणून ओरडा झाला, तेव्हा लेकानं रागीच्या—तुमच्या नाचणीच्या—पेंढ्याची गंजी ताडपत्रीनं गच्च झाकून टाकली. पावसाची ओल आत, वारा बाहेर. झालं, लेक खोकू लागला. सकाळी पेंढा झाडायचा, दुपार कलली की अंगात कणकण, छातीत घरघर, दोन पायऱ्या चढला की धाप. आणि सासुरवाडीला, मालूरला गेला की चार दिवसांत ठणठणीत! परत आला की पुन्हा सुरू. आता तूच सांग, आईनं काय समजायचं? अंबुबाईनं ओळखलं—सोंग! सुनेनं शिकवलेलं. गाई विकायच्या, जागा बिल्डरला द्यायची नि म्हातारीला बोम्मसंद्राला लेकीकडे नेऊन टाकायचं. सून सासूसाठी काढा करून आणायची, तर अंबुबाई आधी तिलाच घोटभर प्यायला लावायची. हसतेस काय? सावध राहावं लागतं बाई.

मग लेक परत मालूरला गेला, तेव्हा अंबुबाईनं पदर खोचला. म्हणाली, मी झाडते पेंढा, बघू कुणाला काय होतं ते! ताडपत्री उचलली तर आतून वाफेसारखी ऊब आली, पेंढ्यावर पांढरी बुरशी, पिठासारखी, हलवला की नुसता धूर. रागारागानं झाडला मी, सगळा झाडला—नि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप, श्वास अर्ध्यावरच अडकला, मी आपली भिंत धरून—अंबुबाई! अंबुबाई भिंत धरून. जीभ घसरते म्हातारपणी.

सुनेनं ऑटो बोलावला, जयनगरच्या डॉक्टरकडे नेलं, वाटभर पाठ चोळत होती. डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कुणाला होतं काय असं? तेव्हा उलगडलं. कुजक्या पेंढ्याची ती धूळ फुप्फुसात बसते. लांब गेलं की उतरतं, जवळ आलं की चढतं. असंच चाललं तर फुप्फुस ताठ होतं वाळल्या चामड्यासारखं, मग औषधाचा उपयोग नाही. नि घरात आई म्हणत बसलेली, सोंग!

जुनी गंजी उपसून टाकली. नवा पेंढा कडकडीत वाळवून दगडांवर उंच रचला, वर पत्रा, बाजू उघड्या. काढायच्या आधी पाणी शिंपडायचं, तोंडाला मास्क बांधायचा, नि लेकानं तर हातच लावायचा नाही. कमिटीला वास आला तर येऊ दे, सांग खुशाल.

लेकानं विचारलं, आई कशाला गेली पेंढ्यात? संयोगिता म्हणाली, तुम्ही नव्हता ना, म्हणून अत्ते—सासूला अत्ते म्हणते ती—मदतीला गेल्या. एवढंच. पेंढा झाडताना मी तिच्या नावानं काय काय बोलत होते, ते सगळं ऐकलं होतं तिनं, खिडकीत उभी होती—तरी एवढंच.

आता धाप गेली त्याची. छाती मोकळी आहे म्हणाले डॉक्टर, गाई विकल्या नाहीत, सुनेचा काढा तिला न चाखवताच पिते मी हल्ली. आणि ती—ऐकलीस? तळ्याकडून हाक आली ती? गाई वळवतोय. एका दमात केवढी लांब हाक! वर्ष झालं असेल, अशी ऐकली नव्हती.

आला तो. घे तुझी किटली, ऊठ. नि त्याच्यासमोर अंबुबाईचं नाव काढलंस, तर उद्यापासून पाकिटातलं दूध पी. चल, नीघ.