दर दोन तासांनी

ताई : मोठ्याने वाच.

धाकटा : ताई, आत तर येऊ दे. बाबांची औषधं आणलीत, चपला काढतोय.

ताई : वाच म्हणते ना. माझ्या फोनवर आलंय. तूच पाठवलंयस.

धाकटा : 'दुपारी दोन. बाबांना डाव्या कुशीवर वळवलं. पाठ कोरडी आहे. झोप शांत.'

ताई : दोनला तू कुठे होतास?

धाकटा : केस कापायला.

ताई : आणि मी कुठे होते? इथे, या खुर्चीत, दीडपासून. बाबा माझ्यासमोर उताणे घोरत पडलेले, आणि फोन मला सांगतोय की ते डाव्या कुशीवर शांत झोपलेत. कोणी पाठवलं हे?

धाकटा : लॅपटॉपने.

ताई : कोणी?

धाकटा : त्यावर एआयची कामं लावून ठेवलीत. ऑफिसची. पाण्याच्या फिल्टरबद्दल लोकांच्या तक्रारी येतात, त्यांना ते उत्तरं देत बसतं. त्यातच हेही लावलंय. दर दोन तासांनी तुला बाबांचं कळवायचं. आज बाहेर जाताना थांबवायचं राहून गेलं.

ताई : म्हणजे तू घरात असतास तर मला पत्ताच लागला नसता. न सांगता आले आणि तुझे केस वाढले होते, म्हणून कळलं. कधीपासून चाललंय हे?

धाकटा : पाच महिने झाले असतील.

ताई : पाच महिने. आल्या आल्या मला वाटलंच होतं, टेबलफॅन बाबांकडे का नाही. पलीकडच्या खोलीत लॅपटॉपकडे तोंड करून ठेवलाय.

धाकटा : तापतो तो. चोवीस तास चालू असतो.

ताई : आणि बाबा काय, बंद असतात? आणि इथे लॅपटॉपवर ही चिठ्ठी काय चिकटवलीस? 'झाकण लावू नये. हात लावू नये.' एवढी काळजी. बाबांच्या खाटेला एखादी चिठ्ठी लावायचं सुचलं नाही तुला?

धाकटा : ताई, झाकणाला हात लावू नकोस. मिटलं की सगळं थांबतं. दोन माणसांचं काम माझ्या एकट्यावर आहे. घरी बसून करू देतात ते त्याच अटीवर. आणि घरी कोणासाठी बसलोय मी?

ताई : माझ्यावर उपकार करत नाहीस तू.

धाकटा : आता मी बोलू? दीड वर्षापूर्वी बाबांची उजवी बाजू गेली, तेव्हा तू आठ दिवस राहिलीस. जाताना माझ्या हातात तक्ता ठेवलास. दोन, चार, सहा, आठ. पहिलं वर्षभर मी प्रत्येक वेळी वळवलं. खरोखर वळवलं, ताई. पण लिहायला दहा मिनिटं उशीर झाला की तुझा फोन. एका हाताने बाबांची चादर ओढतोय, दुसऱ्या हाताने तुला उत्तर देतोय. 'बाबा कसे आहेत' हे तुझं पहिलं वाक्य कधीच नव्हतं. 'सहाचं का नाही आलं?' हे असायचं. तुला तक्ता हवा होता. घे तक्ता.

ताई : मला तक्ता नको होता. मला बाबा वळवलेले हवे होते.

धाकटा : मग येऊन वळवायचं होतंस.

ताई : हो, चुकलं माझं. त्याचा जाब मला विचार, मी देईन. पण खोटं का? 'आज जमलं नाही' असं लिहायला काय जात होतं?

धाकटा : सुरुवातीला ते मला विचारायचं, वळवलं का? मी हो दाबलं की निरोप जायचा. एकदा मीटिंगमध्ये होतो. त्याने तीनदा विचारलं. मी वैतागलो. त्याला सांगून टाकलं, विचारत बसू नकोस, पाठवत जा.

ताई : आणि वळवणं?

धाकटा : वळवतो ना. चारदा. कधी पाचदा. मला जमेल तेवढं.

ताई : आणि कळवायचं बारा वेळा. रोज संध्याकाळी मी बाबांशी फोनवर बोलायचे, तेव्हा पहिलं हेच विचारायचे. वळवतो ना हा वेळच्या वेळी? ते हो म्हणायचे. त्यांनाही पढवून ठेवलंस?

धाकटा : मी त्यांना एक शब्द सांगितलेला नाही.

ताई : तू बाहेर होतास तेव्हा मी शेजारच्या नर्सबाईंना बोलावलं. बाबांना कमरेखाली जखम झालीय, डावीकडे. बाटलीच्या झाकणाएवढी. माहीत आहे तुला?

धाकटा : लालसर झालं होतं. मलम लावतोय मी.

ताई : त्या म्हणाल्या, ही नुसती पडून राहून झालेली नाही. ही घासून झालीय. माणसाला चादरीवरून फरफटवलं की होते तशी. फरफटवतोस तू बाबांना? दोन मिनिटंही सवड नाही तुला, की ओढायचं आणि परत त्या डबड्यापुढे जाऊन बसायचं?

धाकटा : तोंड सांभाळून बोल. मी खोटं कळवलं, ते कबूल आहे. पण मी बाबांना कधी ओढलेलं नाही. उचलूनच वळवतो. माझी कंबर गेलीय त्यात.

ताई : मग कोणी ओढलं?

धाकटा : मला काय माहीत?

ताई : या घरात तू आणि ते. तिसरं कोण आहे?

(चार वाजतात. पलीकडच्या खोलीत लॅपटॉप टिंग करतो. खाटेचा कठडा करकरतो.)

ताई : बाबा, काय करताय? सोडा तो कठडा. पडाल.

बाबा : चार वाजले ना.

ताई : म्हणून काय झालं?

बाबा : निरोप गेला तुला. टिंग झालं की मी वळतो. डावा हात चालतो माझा. निम्मा वळतो. कधी तेवढाही नाही.

धाकटा : कशाला, बाबा? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?

बाबा : संध्याकाळी ही विचारणार. मला हो म्हणावं लागायचं. थोडं तरी वळलेलं असलं, की हो म्हणवतं.

धाकटा : मला हाक मारायची.

बाबा : मारायचो. तुझ्या कानात ते घातलेलं असायचं.

धाकटा : मी पलीकडच्याच खोलीत होतो, बाबा.

बाबा : हो. तुझा आवाज यायचा मला. लोकांच्या फिल्टरला काय झालंय, सगळं ऐकलंय मी. माझा तुला येत नव्हता.

ताई : बास, बाबा. बोलू नका आता.

बाबा : तू ओरडलीस, मी ऐकलं. तो ओरडला, मी ऐकलं. माझी पाठ अजून तशीच आहे.

ताई : ये इकडे. पाय धर तू, मी खांदे धरते. उचलायचं, ओढायचं नाही. बाबा, कुठल्या कुशीवर?

बाबा : उजव्या. तिकडे मला एकट्याला वळता येत नाही.