बॅनरवर बुधाजी नाय

— नाय नाय शैलेश, भांडायला नाय आलो. फोडायचीच असती तर तुझ्या दुकानाची काच बाहेरूनच फोडली असती ना! मी आलोय पुरावा बघायला. हसू नको. आमची पूर्वी, माझी लेक, मला खांदा कॉलनीतल्या समुपदेशक मॅडमकडं नेते — बाबा एकटेच भिंतीशी भांडतात म्हणून. मॅडम बोलल्या, बुधाजीराव, वाईट विचार दारात आला की लगेच पाट मांडू नका, आधी विचारा, पुरावा काय? माझे विचार ऐकून त्यांनी दोनदा पंखा वाढवला — असला पेशंट अख्ख्या उरण-पनवेलात झाला नाय!

तर विचार असा. उद्या हळद प्राचीची, माझ्या सख्ख्या पुतणीची. वेशीवर तिच्या बापानं, आमच्या काळूदादानं बॅनर लावलाय, तूच छापलेला. आमच्यात हळदीच्या बॅनरवर सगळं खानदान असतं — मेलेले वर ढगात, जिवंत खाली गॉगल लावून. त्यात मी नाय. ढगात पण नाय! म्हणजे दादानं मला घरातनं काढला, गाव हसतंय, हळदीला गेलो तर मांडवातनं हाकलणार — एका फ्लेक्सवरून मी पार वनवासात पोचलो बघ. भांडण? हाय ना. मी एवढंच बोललो होतो, दादा, तुझा बैल एवढा म्हातारा की शर्यतीत त्याची सावली पयली आली. खोटं काय त्यात? तेव्हापासून तो बोलत नाय. मी पण नाय. मोठा तो हाय, आधी त्यानं बोलावं — का नाय?

उघड ती फाईल. मोठी कर. हा दादा, ही वहिनी... आन् मधी हा केसाळ पोरगा कोण? नवऱ्या मुलाचा भाऊ? — काय? दादा स्वतः फोटो घेऊन आला? 'हा माझा भाऊ, मधोमध घे' बोलला? — अरे, हा तर माझ्या हळदीतला फोटो! एवढे केस होते मला? नवा नव्हता रे त्याच्याकडं. कुठून असणार? एका तरी फोटोत त्याच्या बाजूला उभा राहिलो का मी...

रडत नाय, तुझ्या शाईचा वास झोंबतोय. थांब, फोन लावतो. वाजतोय... उचलत नाय. बघ, नंबर बघून तोंड फिरवलं त्यानं! — पुरावा? नाय पुरावा. हळदीच्या घरात माणसाला हजार कामं. वाजू दे... हॅलो? दादा, मी — तू काय बघतोस रे शैलेश? जा बाहेर!