जीपचा दंड

केजच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी आपल्या ड्रायव्हर भाच्याला विचारत होती.

"काम कावून सोडलं रं, भागवत?"

"सोडलं न्हाई मावशे, काढलं मला. कारखान्याच्या जीपवर दवाखान्याच्या पार्किंगवाल्यानं दंड लावला."

"जीप दवाखान्यात कावून नेलती?"

"फडात एक बाई चक्कर यून पडली, तिला घिऊन गेलतो. सायब म्हनला, गाडी खाजगी कामाला वापरली."

"आरं, कारखान्याचाच ऊस तोडीत व्हती ना ती?"

"ऊस कारखान्याचा हाय, बाई मुकादमाची, म्हनला."

"पन दंड कशाचा?"

"रातभर गाडी तिथं हुबी ठिवली म्हनून."

"रातभर? सोडून यायचं की तिला."

"कसा येऊ? सकाळपस्तोर मढंच दिलं न्हाई त्यांनी."