दादाच्या टाकीतली वाळू

हसू नका, मासे दादाचे होते. त्याच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मला वाटलं, त्याची काचेची टाकी नव्यासारखी करावी. शेजारी घराचं बांधकाम चालू होतं. तिथून घमेलंभर वाळू आणली आणि त्यातली बरीचशी तशीच टाकीत ओतली. पाणी पांढरं झालं. चारही मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले.

दादाच्याच फोनवरून मासेवाल्या काकांना लावला.

“बोल भाऊ.”

“मी दादाचा लहाना भाऊ. मासे मरून राह्यले काका!”

“वाळू धुतली का?”

“नाई.”

“उरलेल्या वाळूवर लिंबू पिळ.”

पिळलं. वाळू फसफसली.

“चुना-सिमेंट हाय त्यात! मासे काढ, विहिरीच्या पाण्यात सोड. बोलत काऊन बसला?”

बादलीत विहिरीचं पाणी घेऊन मासे सोडले, तीन पोहू लागले. चौथा आडवाच होता. शेवटी त्याने शेपटी हलवली.

“हलला काका!”

“अबे, तुया दादा माया दुकानातून नेलेली वाळूबी सात पाण्यानं धुते. त्याले इचारता नाई आलं? दे फोन त्याले.”

तेव्हा कळलं, दादा गेल्याचं काकांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी म्हणालो, “काका, आता वाळू न्याले मीच येत जाईन.”